शेजारचा नंबर

रामटेके दीदी गेल्याचं मला आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर कळलं. वर पाण्याच्या टँकरची चौकशी, खाली कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आणि मध्ये दीदींचा फोटो, त्याखाली हात जोडलेली चित्रं. मी तेव्हा बैतूलला माहेरी होते. आधी रडू आलं आणि मग दीदींचा रागावलेला चेहरा डोळ्यांपुढे आला. जी बाई शेवटची काही वर्षं त्या अ‍ॅपच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही, तिची शेवटची खबर नेमकी त्याच्यावरूनच फिरली. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "बाप्पा! मेल्यावर तरी सोडा ना मला."

त्या अ‍ॅपचं नाव दीदी घेत नसत. 'हिरवं' म्हणत. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव टाळत तसं, फक्त कारण अगदी उलटं. त्यांच्या आदराखातर मीही इथे हिरवंच म्हणते.

आमची घरं लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. रामटेके साहेब खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि इथे घर बांधलं. दीदी स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडणाऱ्या. माझ्या शाळेतल्या मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय हे समजावताना माझा अर्धा तास जातो. परगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला नंबर सांगायचा, मग हात जोडून वाट पाहत बसायचं. ऑपरेटर लाइन जोडून देणार आणि तीन मिनिटं झाली की मध्येच तिचा आवाज येणार, "तीन मिनट हो गए. और बात करेंगे?" हो म्हटलं तर पुढची तीन मिनिटं, नाहीतर खट्.

तो आवाज दीदींनी नोकरीबरोबर सोडला नव्हता. एरवी त्या आमच्यासारख्याच बोलत, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आवाज चढवून. पण तो खास आवाज निघाला की त्यात राग नाही, लोभ नाही, कोण बोलतंय त्याचा पत्ता नाही. आम्ही भिंतीशी उभ्या राहून बोलत असू, माझी डाळ गॅसवर लागत असे, आणि दीदी एकदम त्या आवाजात म्हणत, "तीन मिनट हो गए. और बात करेंगे?" मी म्हणे, "एक्सटेंड!" आणि डाळ करपायची ती करपायचीच. हे 'एक्सटेंड' मूळचं त्यांच्या प्रशांतचं. तो लहानपणी जेवायला फार त्रास द्यायचा. दीदी गोष्ट सांगत घास भरवायच्या आणि गोष्ट रंगात आली की थांबून लाइनच्या आवाजात विचारायच्या. प्रशांत भरल्या तोंडानं ओरडायचा, "एक्सटेंड! एक्सटेंड!" मग पुढचा घास आणि पुढची गोष्ट. हे सांगताना दीदी त्याच्यासारखे गाल फुगवून दाखवत.

त्यांच्या दारात चपलांच्या बाजूला एक वेताची टोपली असे. आलेल्यानं फोन त्यात ठेवायचा. गॅसवाला असो नाहीतर नागपूरचा भाऊ, नियम सगळ्यांना सारखा. कोणी कुरकुरलं की म्हणत, "चप्पल बाहेर काढता ना? मग हे काहून आत आणता? हे तर चपलेपेक्षा जास्त फिरून येते." साहेबांच्या फॅक्टरीत गेटवर काडेपेटी, बिडी जमा करूनच आत जावं लागे, त्यामुळे दारात काही जमा करणं त्या घराला नवीन नव्हतं. माझ्या नवऱ्यानं एकदा चेष्टेनं घड्याळ आणि पाकीटही टोपलीत काढून ठेवलं. दीदी हसल्या, चहा दिला, पण टोपली काही हलली नाही.

लोक त्यांना सनकी म्हणत. मीही मनातल्या मनात म्हणत होते. मग एका दुपारी बोरं वाळवता वाळवता त्यांनी मला सासूबाईंची गोष्ट सांगितली.

दीदी नव्यानंच नोकरीला लागल्या होत्या. रामटेक्यांकडची मंडळी त्यांना पाहून गेली आणि घरी जाऊन त्यांनी नागपूरला ट्रंक कॉल लावला. तो नेमका दीदींच्या बोर्डावर आला. लाइन नीट लागली की नाही हे पाहायला ऑपरेटरला थोडं ऐकावंच लागे. होणाऱ्या सासूबाई आपल्या नणंदेला सांगत होत्या, "पोरगी काळी आहे. नाकही बसकं आहे. पण रंगाचं काय, पगार तर गोरा आहे ना!"

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? तीन मिनिटं झाली. विचारलं, तीन मिनट हो गए, और बात करेंगे? तर त्या म्हणे, हाँ बेटी, बढ़ा दो. बढ़ा दिया."

"आणि तरी लग्न केलं?"

"मुलगा चांगला होता न. सासूबाईही पुढे काही वाईट नाही निघाल्या. शेवटी अंथरुणावर होत्या, मीच केलं सगळं. माझ्या हातूनच पाणी प्यायच्या."

"कधीच बोलल्या नाही त्यांना? साहेबांनाही नाही?"

दीदींनी एक किडकं बोर उचलून बाजूला टाकलं. "लाइनवर ऐकलेलं लाइनवरच ठेवायचं. ऐकून मधेच बोलायचं नाही. पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं आम्हाला. ज्याला हे जमत नाही त्यानं हेडफोन लावू नये."

"मग आज मला काहून सांगून राहिल्या?"

"आता सासूबाई नाहीत, साहेबही नाहीत. माणूस गेलं की लाइन मोकळी."

त्यानंतर मी त्यांना सनकी म्हटलं नाही. एवढं ऐकून, त्याच बाईच्या हाताखाली संसार करून, एकदाही तोंडातून शब्द न काढणारी बाई मला दुसरी माहीत नाही. मला तर शाळेतल्या मास्तरांची भानगड संध्याकाळपर्यंत पोटात राहत नाही.

आणि एक सांगायला हवं. दीदी फोनच्या वैरी वगैरे मुळीच नव्हत्या. आमच्या गल्लीत पहिला मोठा स्क्रीनवाला फोन त्यांनीच घेतला, प्रशांत जर्मनीला गेला तेव्हा. हिरव्यावर त्यांचा माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, रिटायर ऑपरेटरांचा ग्रुप. सकाळी सुविचार पाठवण्यात त्या कोणाला हार जात नव्हत्या. साहेब दवाखान्यात होते तेव्हा रोज त्यांचा एक फोटो काढून त्या प्रशांतला पाठवत, कारण त्याला सुट्टी मिळत नव्हती. तो आला, पण साहेब गेल्यावर.

त्याच्या पुढच्या वर्षी, त्याच दिवसांत, एका सकाळी दीदी भिंतीशी आल्या. मागे स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास येत होता. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. फोननं आपल्या मनानंच एक छोटी फिल्म बनवली होती. वर लिहिलं होतं, तुमच्या सुंदर आठवणी. गिटार वाजत होती. साहेब दवाखान्याच्या खाटेवर, साहेब नाकात नळी घालून, साहेबांची सुजलेली पावलं, मग एक चमचमता तारा उडाला आणि साहेबांचा तो शेवटचा चेहरा. नंतर फिल्म पहिल्यापासून सुरू झाली.

"मी मागितलं होतं का, सुनीता?" दीदी म्हणाल्या. आवाज लाइनचा नव्हता, घोगरा झाला होता. "ऐकते, पाहते, ते ठीक आहे. मीही ऐकलं लोकांचं. पण असं मधे बोलते का कोणी?"

मी फोन बंद करून त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या घरी जाऊन गॅस पुसला.

त्या दिवसापासून दीदी एक एक गोष्ट सोडत गेल्या. साठी कधीच मागे पडलेली, पण चष्मा लावून, वाचून वाचून शिकल्या. ईमेल बदलला. इंटरनेटवर काही शोधायचं तर ते माग न ठेवणाऱ्या ठिकाणी शोधू लागल्या. फोटो सगळे फोनमधून काढून एका डबीएवढ्या डिस्कमध्ये भरले आणि डिस्क कपाटात साड्यांखाली ठेवली. शेवटी फोनच्या आतली मूळ सिस्टिमच बदलायची म्हणून ओमतीच्या बाजारातल्या एका दुकानात मला घेऊन गेल्या. दुकानदार बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. "अम्मा, जासूसी करती हो क्या?" दीदी म्हणाल्या, "करती थी बेटा. अब रिटायर हूँ."

नकाशासुद्धा त्यांनी वेगळा घेतला, लोकांनीच मिळून बनवलेला. त्यात आमची गल्लीच नव्हती. दीदींनी ती घातली, हँडपंप घातला, कोपऱ्यावरची पिठाची चक्की घातली. एका रविवारी आम्ही सगळे बरगीच्या धरणावर निघालो तर त्यांनी हट्टानं आपलाच नकाशा लावला आणि गाडी धरणाऐवजी कोळ्यांच्या एका वस्तीत, जाळी वाळत घातलेल्या अंगणात जाऊन थांबली. माझा नवरा वैतागला. दीदी शांतपणे उतरल्या, तिथल्या बाईला वस्तीचं नाव विचारलं, नकाशात लिहिलं आणि परत येऊन बसल्या. म्हणाल्या, "रस्ता चुकलो तर चुकलो. कुठं चुकलो ते आपल्यालाच माहीत ना, बस." आम्ही परतीच्या वाटेवर हे आठवून हसत होतो. त्या दिवसाइतकं हसणं नंतर त्यांच्या वाट्याला फारसं आलं नाही.

कारण मग त्यांनी हिरवं सोडलं. जाताना प्रत्येक ग्रुपवर एकच निरोप टाकला. 'मी ही लाइन सोडत आहे. ज्याला बोलायचं असेल त्यानं फोन करावा. जय भीम.' खाली बरेच अंगठे आले. फोन मात्र कोणी केला नाही.

सुरुवातीला सगळं गमतीवर गेलं. पाणी येणार नाही हे ग्रुपवर सांगितलं जाई आणि दीदी कपड्यांना साबण लावून नळाखाली बसलेल्या. मग मी भिंतीवरून ओरडून बातम्या द्यायला लागले. नवरा म्हणे, "तूच त्यांचं हिरवं अ‍ॅप झालीस." मग त्यांच्या पुतणीचं लग्न झालं. पत्रिका सासरच्या ग्रुपवर आली होती, सगळ्यांना वाटलं, मोठ्या काकूंना माहीतच असणार. दीदींनी अहेराची साडी आधीच आणून ठेवलेली. ती त्यांनी मला दिवाळीत दिली. फालतू नाही, चांगली पैठणी होती. मी अजून नेसलेली नाही.

पण शीला तिवारींचं झालं ते वाईट झालं. एक्स्चेंजमध्ये दीदींच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी ही मैत्रीण. एकीला खोकला आला तर दुसरी तिच्या बोर्डावरचं 'नंबर प्लीज' म्हणून टाकायची, ग्राहकाला कळायचंही नाही. शीलाच्या वाढदिवसाला दीदींनी फोन लावला. सुनेनं उचलला. शीला जाऊन महिना होऊन गेला होता. "आंटी, ग्रुप में तो डाला था," सून म्हणाली.

दीदी त्या दिवशी भिंतीशी आल्या नाहीत. मीच गेले. फोन टोपलीत ठेवून आत गेले तर त्या पलंगावर सरळ बसून होत्या. "ग्रुप में डाला था म्हणते," त्या म्हणाल्या. "शीलाला ग्रुपमध्ये टाकलं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दीदी, परत घ्या ना ते. फक्त ग्रुपपुरतं. कोणाशी भांडून राहिल्या तुम्ही? त्यांना तर पत्ताही नाही तुम्ही भांडून राहिल्या ते. एकट्या पडून राहिल्या इथे."

त्या रागावतील वाटलं होतं. रागावल्या नाहीत. "माहीत आहे," म्हणाल्या. "पण सुनीता, ज्याला बोलायचं असते ना, तो ट्रंक बुक करते. रांगेत बसते. आम्ही पाहिलं आहे न. दिवसभर एक्स्चेंजमध्ये बसून राहायचे लोक, पोराचा आवाज ऐकायला. मला पाहायचं आहे, माझ्यासाठी कोण बुक करते."

म्हणजे हे सगळं त्यासाठी चाललं होतं. पुतणी नाही, ग्रुप नाही. त्यांना एकाच माणसाची वाट होती, आणि तो जर्मनीत होता.

हिरव्याच्या जागी दीदींनी एक दुसरं अ‍ॅप घेतलं होतं, कोणाचं बोलणं कोणाला न सांगणारं. त्यात फक्त दोन नावं. एक मी आणि एक प्रशांत. मी ते केवळ त्यांच्यासाठी ठेवलं होतं. रोज सकाळी त्यावर त्यांचा निरोप यायचा, 'लाइन ठीक?' मी लिहायचे, 'ठीक.' ऑपरेटर ड्यूटीवर बसली की आधी लाइन तपासायची, ती सवय. प्रशांतलाही तसंच जायचं. पहिले काही महिने त्याची उत्तरं आली, त्याच्या लेकीचे, छोट्या ताराचे फोटो आले. मग त्यानं फोन बदलला आणि नव्या फोनमध्ये ते अ‍ॅप घालायचं राहून गेलं. दीदींचे निरोप जात राहिले, पोचले नाहीत. त्या मला स्क्रीन दाखवून विचारत, "हे असं गोल गोल काहून दाखवून राहिलं?" त्यांना समजत नव्हतं असं मुळीच नाही. मी सांगायचे, "जर्मनीत नेटवर्क खराब असेल." त्या म्हणायच्या, "होय न."

साधा फोन त्या लावत. तो मीटिंगमध्ये असे.

आणि मग एका रविवारी हिरव्यावर माझा फोन वाजला. प्रशांत. "आंटी, नमस्ते. आई को दे दीजिए ना ज़रा. उनके पास तो कुछ है ही नहीं."

मी फोन घेऊन भिंतीशी गेले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. माझ्या हातातलं ते हिरवं पाहून दीदी पाठ फिरवतील असं वाटलं. त्यांनी पाहिलं, पदरानं हात पुसले. "पी. पी. कॉल आला वाटते," म्हणाल्या. पूर्वी ज्यांच्या घरी फोन नसे ते शेजाऱ्याचा नंबर देत, शेजारी बोलवायला येई, त्याला एक्स्चेंजमध्ये पी. पी. म्हणत. दीदी फाटकातून वळसा घालून आमच्या मागच्या पायरीवर आल्या आणि फोन कानाला लावून बसल्या. तिकडून चित्र दिसत होतं तरी कानालाच लावला.

त्यानंतर महिन्या दोन महिन्यांनी कधीतरी रविवारी तसा फोन येई. मी एकदा चिडवलं, "दीदी, आता तुमची सगळी गुपितं माझ्या फोनमधून जाऊन राहिली." त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरी गेलं की त्याच्या घरचं पाणी प्यावं लागते." पण तेव्हापासून रविवारी त्या इस्त्रीची साडी नेसत, आणि दुपारभर त्यांच्या अंगणातली खुर्ची आमच्या भिंतीकडे तोंड करून असे. फोन आला नाही तर संध्याकाळी त्या खुर्ची उचलून आत नेत. मी खिडकीतून पाहायचे आणि मला प्रशांतचा फार राग यायचा. माझाही मुलगा पुण्यात आहे, म्हणून जास्तच यायचा.

बैतूलला जायच्या आदल्या रविवारचं सांगते. फोन आला. दीदी पायरीवर बसल्या, मी आत कणीक मळत होते, दार उघडं. प्रशांतचा आवाज मोठा, स्वयंपाकघरापर्यंत येत होता. यंदाही हिवाळ्यात जमणार नाही, ताराची शाळा बदलली, घराचं काम काढलं आहे. दीदी 'अच्छा, अच्छा' करत होत्या. तारा काय खाते, थंडी किती आहे, असं विचारत होत्या. मग तिकडून घाईचा सूर लागला आणि दीदींनी एकदम तो जुना आवाज काढला. किती दिवसांनी ऐकला मी तो.

"तीन मिनट हो गए. और बात करेंगे?"

माझे हात परातीत थांबले.

"क्या आई? हाँ... चलो, रखता हूँ फिर. बाद में करता हूँ."

फोन बंद झाल्याचा टुंग आवाज माझ्यापर्यंत स्पष्ट आला. माझ्या फोनचा तो आवाज मला चांगला ओळखीचा आहे. दीदी पाठमोऱ्या होत्या. फोन त्यांच्या कानालाच होता. मग त्या बोलू लागल्या.

"हो रे... एक्सटेंड म्हणतोस? बरं बाप्पा, एक्सटेंड. मला कुठं घाई आहे... ताराला दे ना... हो, तिला म्हणावं आजी गोष्ट सांगते... नाही, नाही, बोल न तू, बोल." मध्ये मध्ये थांबत होत्या, समोरचा बोलत असावा इतकं. एकदा हसल्यासुद्धा. उन्हात त्यांच्या केसांची पिन चमकत होती.

मी कणीक मळत राहिले. मळून झालेली कणीक पुन्हा मळली. पुढे होऊन त्यांना जवळ घ्यावं असं फार वाटलं. पण तिकडे जायला पाऊल उचललं नाही.

मग त्या आत आल्या आणि फोन पदरानं पुसून ओट्यावर ठेवला. "खूप बोलला आज," म्हणाल्या. "सोडूनच नाही राहिला."

मी म्हटलं, "अच्छा? मला मिक्सरच्या आवाजात काही ऐकूच नाही आलं, दीदी."

मिक्सर कपाटात होता. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा दाबला. मग फाटकातून वळसा घालून आपल्या अंगणात गेल्या, खुर्ची उचलली आणि आत नेली.